कर्मठपणात आता राम नाही

मी स्वभावाने जुन्या वळणाचा माणूस आहे. नवी गोष्ट दिसली की आधी तिच्याकडे संशयाने बघायचं, मग किंमत विचारायची आणि शेजाऱ्याने घेऊन वर्षभर वापरली की मग आपण घ्यायची, हा आमच्या घराण्याचा शिरस्ता. राजकारणातही माझं तेच. कुणी क्रांतीची भाषा करू लागला की क्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दूध किती वाजता येणार, एवढंच मला विचारावंसं वाटतं. त्यामुळे सनातनी, प्रतिगामी, बुरसटलेला वगैरे विशेषणं मला लागत नाहीत. काही तर मी पत्रिकेवर छापून घ्यायलाही तयार आहे. माझं दुःख निराळंच आहे. ज्या पक्षाचा म्हणून मी हयातभर ओळखला गेलो त्या पक्षातच हल्ली दम राहिलेला नाही. सुधारकांची काळजी करायला त्यांची चर्चासत्रं आहेत. पण महाराष्ट्रातला तो कसदार, अभ्यासू, तिरसट सनातनी दिसेनासा झाला त्याचं कुणालाच काही वाटत नाही. माळढोकासाठी निदान सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य तरी आहे.

आता कुणी म्हणेल, सनातन्यांना काय तोटा? टीव्ही लावा, चार खिडक्यांतून चार जण संस्कृती वाचवताना दिसतील. दिसतात, मीही बघतो. पण हे लोक कर्मठ नव्हेत. कर्मठाला कष्ट पडत. पहाटे उठायचं, थंड पाण्याने अंघोळ करायची, सोवळं नेसून कुणाचा स्पर्श होऊ न देता अर्धा दिवस काढायचा आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात दुसऱ्याचा धर्म कुठे बुडतोय यावर लक्ष ठेवायचं. हे खायचं काम नव्हतं. आज संस्कृती अंथरुणात लोळता लोळता, चहा व्हायच्या आत वाचवता येते. अंगठा हलवला की झालं. जे इतकं स्वस्तात वाचतं त्याला मुळात धोका तरी किती होता, असा संशय माझ्यासारख्याला येतो.

जुने लोक कसे हरकत घेत, पाहा. मुंबईत छापखाने आले तेव्हा कर्मठांनी छापील पोथीला हात लावायचं नाकारलं. का, तर शाईत चरबी असते. बरं, हरकत नुसती हवेत नव्हती. शाईत काय काय पडतं याची त्यांनी चौकशी केलेली होती. मग गणपत कृष्णाजी नावाच्या खटपटी गृहस्थाने चरबीच्या जागी तूप घालून शाई बनवली आणि १८४१ मध्ये छापील मराठी पंचांग काढलं. कर्मठांची हरकत संपली, छापखानेवाल्याचा धंदा वाढला, आणि आपल्याला घरोघरी भिंतीवर टांगायला तिथी-वार मिळाले. माझ्या मते महाराष्ट्राच्या इतिहासातला हा सर्वांत यशस्वी वाद. एकाने नेमकं विचारलं, दुसऱ्याने नेमकं उत्तर दिलं. आज सकाळी फोनवर जो मजकूर येऊन पडतो त्याच्या शाईत काय आहे, हे त्यातल्या एकाही संस्कृतिरक्षकाने कधी विचारलंय का? गाईची असो, डुकराची असो, चरबी थेट गटागटांतून फिरत असते.

विष्णुशास्त्री चिपळूणकर घ्या. १८७४ साली निबंधमाला सुरू केली आणि सात वर्षांत ८४ अंक काढले. लोकहितवादी, जोतीराव फुले, दयानंद, ज्यांना झोडपायचं त्यांना मनसोक्त झोडपलं. त्यातलं पुष्कळसं अन्यायाचं होतं, जोतीरावांवरचं तर फारच. पण हा स्वदेश, स्वभाषा, स्वधर्म करणारा माणूस वाचत काय होता? मेकॉले आणि डॉक्टर जॉन्सन. वडिलांनी सुरू केलेलं जॉन्सनच्या रासेलसचं भाषांतर यांनी पुरं केलं. मालेत जॉन्सनचं चरित्र लिहिलं. म्हणजे इंग्रजी विद्येने आपले लोक कसे बिघडले हे सांगण्यासाठी त्यांनी ती विद्या आधी कोळून प्यायली होती. शिवाय सरकारी नोकरी सोडून, पदराला खार लावून शाळा काढली. बत्तिसाव्या वर्षी वारले. आजच्या पाश्चात्य संस्कृतीच्या टीकाकाराला पाश्चात्य संस्कृतीबद्दल विचारून बघा. चौदा फेब्रुवारी ही तारीख आणि पिझ्झा, याच्या पलीकडे तिच्यात आणखी काही असल्याची त्याला खबर नसते.

आणि टिळक! १८९०-९१ चा संमतिवयाचा वाद हा सनातनी पक्षाचा मोठा सामना. कायद्यातली वयाची मर्यादा दहावरून बारावर न्यायची, एवढाच प्रश्न. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या हातून मेली होती, तिच्यामुळे हा प्रश्न पेटलेला. इथे माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसालाही विनोद बाजूला ठेवून सांगावंच लागतं की आमचा पक्ष त्या दिवशी चुकीच्या बाजूला उभा होता. पण कसा उभा होता ते बघण्यासारखं आहे. टिळकांचं म्हणणं, परक्या सरकारने आमच्या घरात, आमच्या धर्मात हात घालायचा नाही. सुधारणा आमची आम्ही करू. कोण करणार, असं सुधारकांनी विचारताच त्यांनी कागदच पुढे केला. मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करणार नाही. चाळिशीनंतर पुरुषाने लग्न केलंच तर विधवेशीच. हुंडा नाही, दारू नाही, विधवांचं केशवपन नाही. वर उत्पन्नाचा दहावा हिस्सा सार्वजनिक कामाला. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी इथे सही करावी आणि नियम सही करणाऱ्याला बंधनकारक.

सरकार बारा म्हणतंय, हे सोळा म्हणाले! विरोध करावा तर असा, की समोरच्या सुधारकाने मुकाट्याने घड्याळाकडे बघावं. सह्यांसाठी झुंबड उडाली नाही हे सांगायला नकोच. आता हा डाव होता की कळकळ, यावर पुण्यात अजूनही दोन मतं आहेत (पुण्यात दोनच मतं असणं हीच मोठी एकी). पण दहा टक्के उत्पन्नाची अट वाचून मला आजही भरून येतं. कल्पना करा, रात्री नऊच्या चर्चेत सूत्रसंचालक म्हणतोय, "तुमची भूमिका कळली सर, आता तुमच्या पगारातले दहा टक्के या खात्यावर भरा, मग पुढे बोला." सगळा महाराष्ट्र दोन मिनिटांत शांत झोपेल.

त्याच वादात डॉ. भांडारकर सुधारकांच्या बाजूने संस्कृत ग्रंथांचे आधार घेऊन उतरले आणि टिळक त्यांना तसेच आधार घेऊन भिडले. स्मृती कुठली, टीकाकार कोण, पाठ कोणता. आज धर्मग्रंथांचा दाखला देणारे दोन्ही बाजूंना भरपूर आहेत, पण श्लोक कुठला म्हणून विचारलं की "तुम्ही आधी वाचा मग बोला" असं उत्तर येतं. स्वतः न वाचलेल्या ग्रंथाचा गृहपाठ दुसऱ्याला देण्याची ही पद्धत टिळकांना सुचली नव्हती हे खरं.

मग चहा. त्या पुणेरी चहाइतकं निर्भेळ विनोदी प्रकरण दुसऱ्या कुठल्या शहराच्या इतिहासात असेल तर मला दाखवा. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी गेली. रानडे, टिळक, गोखले, सगळे. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसतीच समोर ठेवून घेतली. प्रकरण तिथेच मिटायचं, पण सभेला गोपाळराव जोशी होते. आनंदीबाई जोशींचे हे यजमान म्हणजे बिनापगारी उपद्व्यापी. त्यांनी हजर मंडळींची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. झालं! ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, त्यांच्याकडून शास्त्रीमंडळी चौकशीला आली. पुरावे, जबान्या, युक्तिवाद. म्लेंच्छाच्या कपातल्या एका घोटावर टिळकांसारखा वकील शास्त्राधार काढून बोलतोय, आणि शेवटी काशीला जाऊन प्रायश्चित्त घेतल्याचा दाखलाच पुढे ठेवतोय! रानड्यांनी मित्रांची अडचण ओळखून १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांकडून शिव्या खाल्ल्या. म्हणजे चहा घेतला म्हणून एकांनी वाळीत टाकलं आणि प्रायश्चित्त घेतलं म्हणून दुसऱ्यांनी.

हसून झालं की या प्रकरणाची दुसरी बाजू दिसते. त्या चहानंतर दोन महिन्यांच्या आत, २८ नोव्हेंबर १८९० ला, त्याच पुण्यात जोतीराव फुले वारले. विटाळ म्हणजे काय, तो कुणी कुणाला लावला आणि त्यातून कुणाचं पोट भरलं, हे त्यांनी आयुष्यभर विचारलं होतं. ते प्रश्न त्या चहापेक्षा पुष्कळ गरम होते. त्यांच्यासाठी मात्र कुठले शास्त्री चौकशीला आले नाहीत. आमच्या जुन्या सनातन्यांचा अभ्यास दांडगा होता यात शंका नाही. कुठला प्रश्न अभ्यासक्रमाबाहेर ठेवायचा याचाही त्यांचा अभ्यास तितकाच दांडगा होता.

तरीही त्या लोकांत एक गोष्ट होती, जिच्यावर माझा जीव आहे. ते समोरच्याबरोबर राहून भांडत. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस होते आणि त्यांचे वाद ऐकून पहारेकरी दमून जात, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुढे फाटलं, आगरकरांनी 'सुधारक' काढला, विरोधकांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. हे काही सुसंस्कृतपणाचं लक्षण नव्हे. पण त्यासाठीही तिरडी बांधावी लागली, मडकं आणावं लागलं, खांदेकरी जमवावे लागले. हल्ली माणूस आवडला नाही की त्याला ब्लॉक करतात. तुरुंगात ही सोय नव्हती.

हल्लीच्या वादपद्धतीत दोनच डाव उरलेत. पहिला, "तेव्हा कुठे होतात?" हा तसा मराठी माणसाच्या रक्तातला प्रश्न. कर्णाचं चाक रुतलं, त्याला धर्म आठवला, तेव्हा श्रीकृष्णाने त्याला हाच विचारला होता आणि मोरोपंतांच्या आर्येमुळे तो आपल्या घराघरांत पोचला. पण व्यासांच्या रणांगणावर या प्रश्नानंतर अर्जुनाने बाण सोडला आणि विषय संपला. आज बाण कुणीच सोडत नाही. समोरून "पण त्याआधी तुम्ही कुठे होतात?" असं येतं आणि मंडळी मागे मागे जात औरंगजेबापर्यंत, कधी मोहेंजोदडोपर्यंत पोचतात. रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार असते. ती पाच हजार वर्षं मागे जाते आणि खड्डा जागेवरच राहतो.

दुसरा डाव म्हणजे भावना दुखावणे. हे मला सर्वांत लागतं. आमच्या जुन्या सनातन्याच्या भावना कधी दुखावत नसत. त्याचं डोकं फिरे. डोकं फिरलं की तो बोरू घेऊन बसे आणि पाच रकान्यांचा लेख पाडे, त्यात तीन रकाने शिव्या आणि दोन रकाने शास्त्राधार. दुखावणं हे नाजूक लोकांचं काम, असं तो म्हणाला असता. हल्ली मात्र भावना दुखावली की पाय थेट पोलीस चौकीकडे वळतात. नाटक आलं, दुखावली. पुस्तक आलं, न वाचता दुखावली. बरं, ही नाजूक प्रकृती आता एकाच पक्षाची राहिलेली नाही. पुरोगाम्यांच्या भावना, प्रत्येक जातीच्या भावना, प्रत्येक महापुरुषाच्या भक्तांच्या भावना, सगळ्याच काचेच्या. महापुरुषाने स्वतः दुसऱ्यांबद्दल काय काय लिहिलंय हे वाचलं तर त्याचे भक्त त्याच्यावरच तक्रार दाखल करतील.

आणि तक्रार कुठल्या कलमाखाली? दंडसंहितेत २९५-अ हे कलम १९२७ मध्ये इंग्रज सरकारच्या काळात घातलं गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९९ क्रमांकाने नांदतंय. आता गंमत बघा. १८९१ च्या सनातन्याचा सगळा जोर कशावर होता? की सरकारने धर्माच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. त्यासाठी त्याने लेख लिहिले, सभा उधळल्या, सोळा वर्षांचा कागद पुढे केला. आणि आजचा सनातनी सकाळी उठून सरकारला आवतण देतो, या साहेब, आत या, आमचा देव जरा सांभाळा. ज्या धर्माला पेशवाई बुडाल्यावरही सरकारी पहाऱ्याची गरज वाटली नाही, त्याला आता हवालदार लागतो. जुन्या वळणाचा माणूस म्हणून सांगतो, मला ही फार मोठी सुधारणा वाटते आणि म्हणूनच ती मला मान्य नाही.

परंपरांचंही तेच झालंय. पूर्वी परंपरा म्हणजे निदान चार पिढ्यांची असे. हल्ली ती पाच वर्षांत पिकते. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सौर पॅनेल बसवण्याचा विषय निघाला तर एक काका उठून म्हणाले, "गच्ची ही आपल्याकडे परंपरेने वाळवणासाठी असते." इमारत नव्वद सालानंतरची. पापड, कुरडया सगळ्यांच्या घरी महिला गृहउद्योगाच्या पिशवीतून येतात. गच्चीवर आजवर वाळत घातलेली एकमेव गोष्ट म्हणजे थर्टीफर्स्टच्या पार्टीचं ओलं झालेलं कार्पेट. तरी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि विषय पुढल्या सभेवर गेला. लग्नांत आता हळदीला पिवळे कपडे, आदल्या रात्री संगीत, हार घालताना नवरदेवाला वर उचलून धरणं, हे सगळं "आपल्या पद्धतीप्रमाणे" चालतं. ही पद्धत हिंदी सिनेमाने घालून दिली हे सांगायला गेलं तर तुम्हीच परंपराद्रोही ठरता. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतींसमोर उभं राहून कुणी मला सांगतो की ही आपली संस्कृती आहे, तेव्हा मी मान डोलवतो. एक तर ऐकू येत नाही. दुसरं म्हणजे खुद्द सार्वजनिक गणेशोत्सवालाही त्या काळी नवं खूळ म्हणून नाक मुरडणारे होते, आणि ते माझ्याच पक्षाचे असणार.

चेस्टरटन नावाच्या एका जाड्या, विनोदी इंग्रजाने १९२९ मध्ये आमच्या पक्षाची बाजू फार चोख मांडली होती. रस्त्यात कुंपण दिसलं आणि ते कशासाठी आहे हे तुम्हाला कळत नसेल, तर ते पाडायला मी तुम्हाला परवानगी देणार नाही; आधी जा, ते का घातलं होतं याचा विचार करा, मग या, कदाचित मीच पाडू देईन. सुधारकांनी ही गोष्ट कधीच मनावर घेतली नाही. त्यांच्याकडे "एकविसाव्या शतकात हे असं?" एवढं एकच वाक्य असतं, जणू कॅलेंडर हाच युक्तिवाद आहे. पण खरा घात आमच्या लोकांनी केला. कुंपण का घातलं होतं हे त्यांनाही ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. त्यांनी कुंपणाला शेंदूर फासला, पुढे दानपेटी ठेवली आणि कुंपण जीर्णोद्धार समिती स्थापून वर्गणी सुरू केली. आता ते पाडायचं म्हटलं तर भावना आणि ठेवायचं म्हटलं तर वाहतूक.

म्हणून माझी एक मागणी आहे. ग्रामण्य परत सुरू करा. जातीचं नको, ते गेलं ते फार बरं झालं, विधानांचं. "आपली संस्कृती" असे शब्द उच्चारणाऱ्याने ज्या प्रथेबद्दल बोलायचं तिचा जन्मदाखला आणावा. "एकविसाव्या शतकात" म्हणणाऱ्याने विसाव्यात आपल्या घरात काय चालत होतं याचं प्रतिज्ञापत्र द्यावं. खोटा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांची शास्त्रशुद्ध वर्गवारी व्हावी: न वाचता पाठवणारे, वाचून पाठवणारे, खोटं आहे हे ठाऊक असून "असू दे, माहिती म्हणून" पाठवणारे. पहिल्यांना नुसतं स्नान, दुसऱ्यांना उपास, तिसऱ्यांना सर्व प्रायश्चित्त. चर्चेच्या कार्यक्रमातल्या नेहमीच्या मंडळींना वर्षातून एकदा सरसकट द्यावं, चौकशीत वेळ घालवू नये.

ही योजना मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मांडली. सगळ्यांना पसंत पडली. पंचगव्य आता ऑनलाइन मिळतं, बाटलीवर मुदतीची तारीख छापलेली असते, असंही एकाने फोनवर शोधून दाखवलं. मात्र संघाच्या चिटणिसांनी, जे आयुष्यभर हिशेबतपासनीस होते, कागद-पेन्सिल घेऊन एकट्या आमच्या प्रभागातली रोजची मागणी काढली आणि चष्मा काढून म्हणाले, "अहो, एवढ्या गाई आणायच्या कुठून?" त्यावर लगेच दोन सभासदांच्या भावना दुखावल्या.